सेक उलगडत नाही? आधी तुमची किल्ली तपासा

कापसाचा हंगाम सुरू झाला की गेवराई, माजलगाव, धारूरकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. गाठी भरलेला ट्रक काट्यावरून उतरून फाटकाशी उभा आहे. ड्रायव्हर कागद मागतो आहे. बिलिंगच्या संगणकाने ई-इनव्हॉइसच्या सर्व्हरला विनंती पाठवली, उत्तरही आलं, पण ते उघडत नाही. पडद्यावर नुसती पॅडिंग चुकल्याची ओळ. सॉफ्टवेअरवाला म्हणतो सर्व्हर बिघडला, कर सल्लागार म्हणतात सॉफ्टवेअर बिघडलं. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतं. तुमच्या संगणकाने पाठवलेली किल्ली वेगळी आणि उघडायला घेतलेली वेगळी, एवढाच घोळ असतो.

दुसरा प्रश्न पुण्याहून येतो. बीड, अंबाजोगाई, परळीची जी मुलं-मुली तिकडे बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवर काम करतात, त्यांना सांगितलेलं असतं: ग्राहकाकडचं ॲप किल्ली पाठवील, त्याच किल्लीने छोटंसं उत्तर कुलूपबंद करून परत द्या. जिनिंगचा मुनीम आणि मेनफ्रेमवरचा कोबोल प्रोग्रॅमर एकाच ठिकाणी अडखळतात, म्हणून दोघांसाठी हा एकच लेख.

तुम्हाला हे लागू आहे का?

1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटी रुपयांहून जास्त वार्षिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना नोंदणीकृत ग्राहकाच्या बिलासाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. 2017-18 पासूनच्या कुठल्याही एका वर्षी ही मर्यादा ओलांडली असली तरी तुम्ही त्यात येता. मध्यम जिनिंग, सरकी-ढेपेचा घाऊक व्यापारी, बियाणं-खतांचा मोठा वितरक यांपैकी कितीतरी जण या आकड्यात बसतात. दिवसाला चार बिलं असतील तर पोर्टलवर हाताने भरा. पुढचं काहीच तुम्हाला लागणार नाही. बिलिंगचं सॉफ्टवेअर थेट सर्व्हरशी बोलत असेल, तरच पुढे वाचा.

व्यवहार चालतो कसा

एनआयसीच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या, ई-इनव्हॉइस सर्व्हरशी बोलताना पहिली किल्ली तुमची असते. क्रम असा:

1. तुमचा संगणक 32 बाइटची यादृच्छिक किल्ली तयार करतो. हिला ॲप-की म्हणतात.
2. वापरकर्तानाव, पासवर्ड आणि ॲप-की यांचा मजकूर बेस-64 करून सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीने बंद केला जातो. तो फक्त सर्व्हरच उघडू शकतो.
3. सर्व्हर एक टोकन देतो आणि सोबत सेक, म्हणजे त्या बैठकीपुरती किल्ली. ही सेक तुमच्या ॲप-कीने बंद केलेली असते.
4. तुम्ही ॲप-कीने सेक उघडता. पुढची सगळी बिलं आणि त्यांची उत्तरं सेकने बंद होतात आणि सेकनेच उघडतात.
5. टोकन 6 तास चालतं. मग पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे ॲप-कीचं काम एकदाच: सेकची पेटी उघडणं. सर्व्हर तुमचीच किल्ली शेवटपर्यंत का वापरत नाही, असं काही जण विचारतात. मला यात शहाणपण दिसतं. कोणाचं सॉफ्टवेअर ॲप-की म्हणून काय पाठवील याचा भरवसा नाही. सेक सर्व्हरने स्वतः बनवलेली असते.

जीएसटी विवरणपत्रांचं एपीआय, म्हणजे सॉफ्टवेअरने थेट सर्व्हरशी बोलायचं दार, वापरत असाल तर तिथे आणखी एक पायरी आहे. सेकने रेक नावाची किल्ली उघडायची, रेकने उत्तर उघडायचं आणि सोबतच्या एचमॅकवरून उत्तर वाटेत बदललेलं नाही ना ते पाहायचं. शेवटची तपासणी बरेच जण गाळतात. गाळू नका.

मोजून पाहा: 44, 344, 64, 32

सेक उघडत नसेल तर कोड चाळत बसण्याआधी चार लांब्या मोजा. निम्म्याहून जास्त गुंता इथेच सुटतो.

- 44: 32 बाइटची ॲप-की बेस-64 केल्यावर 44 अक्षरं होतात आणि शेवटी बरोबरचं एक चिन्ह येतं. आकडा वेगळा आला तर किल्ली 32 बाइटची नाही.
- 344: 2048 बिटांच्या सार्वजनिक किल्लीने बंद केलेला मजकूर 256 बाइटचा, म्हणजे बेस-64 मध्ये 344 अक्षरांचा. जास्त असेल तर मध्ये ओळ तोडणारी चिन्हं घुसली आहेत. काही साधनं दर 64 किंवा 76 अक्षरांनंतर ओळ तोडतात. ती सोय बंद करा.
- 64: बंद सेक 48 बाइटची असते, 32 किल्लीचे आणि 16 पॅडिंगचे. बेस-64 मध्ये नेमकी 64 अक्षरं.
- 32: उघडल्यावर हातात 32 बाइट यायला हवेत.

सगळ्यात जास्त भेटणारी चूक: पाठवताना 44 अक्षरांचा मजकूर पाठवला आणि उघडतानाही तीच अक्षरं किल्ली म्हणून वापरली. उघडताना 44 अक्षरं नकोत, त्यांच्या आतले 32 बाइट हवेत. बेस-64 हे कुलूप नव्हे, ते केवळ पाकीट आहे. किल्ली वापरण्याआधी पाकिटातून काढावी लागते.

दुसरी चूक दोन संगणकांची. कार्यालयात एक आणि काट्यावर एक असे दोन संगणक एकाच नावाने आत शिरतात. काट्यावरच्याने नवी ॲप-की पाठवली, उत्तर आलं, आणि सामायिक फोल्डरमधून वाचली गेली ती कार्यालयाची जुनी ॲप-की. ज्या विनंतीत जी ॲप-की गेली, त्या विनंतीच्या उत्तरातली सेक तिनेच उघडा. टोकन आणि सेक यांची जोडी फोडू नका. त्याहून चांगला मार्ग म्हणजे टोकन एकाच संगणकाने आणायचं आणि दुसऱ्याने आपली बिलं त्याच्यामार्फत पाठवायची.

तिसरी चूक लांबीची आहे. 2048 बिटांच्या किल्लीने एका वेळी जास्तीत जास्त 245 बाइट बंद होतात. बेस-64 मुळे मजकूर फुगतो, त्यामुळे मूळ जेसन 183 बाइटच्या आत हवं. लांब पासवर्ड किंवा सॉफ्टवेअरने सुबकपणासाठी घातलेल्या मोकळ्या जागा एवढ्याने हद्द ओलांडली जाते आणि विनंतीच तयार होत नाही.

चाचणीसाठी दिलेली सार्वजनिक किल्ली प्रत्यक्ष कामात राहून गेली, तरी सर्व्हरला तुमचं काहीच कळणार नाही. किल्लीची फाइल कुठून घेतली ते लिहून ठेवा.

उत्तर उघडलं नाही, तरी बिल नोंदलेलं असू शकतं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. आपल्याकडे वीज जाते, मोबाइलची रेंज जाते. विनंती पोहोचली, सर्व्हरने बिल नोंदवून आयआरएन, म्हणजे इनव्हॉइसचा संदर्भ क्रमांक, तयार केला, आणि उत्तर वाटेत हरवलं किंवा उघडलं नाही. ट्रक थांबलेला असतो, म्हणून माणूस घाईने बिलाचा नंबर बदलून पुन्हा पाठवतो. आता एकाच मालाची दोन बिलं सरकारदप्तरी आहेत आणि दोन्हींचा कर तुमच्या खाती दिसतो.

असं करा:

- नंबर न बदलता तेच बिल पुन्हा पाठवा. आयआरएन हा तुमचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांतूनच बनतो. आधी नोंद झाली असेल तर 2150 क्रमांकाची चूक येईल. ही चूक आली म्हणजे तुमचं काम झालेलं आहे; तिच्यासोबतच आधीचा आयआरएन, पावती क्रमांक आणि तारीख दिलेली असते.
- त्यावरून किंवा बिलाच्या तपशिलावरून पूर्ण उत्तर मागवून घ्या. ही सोय मोजक्या दिवसांपुरतीच असते, म्हणून त्याच दिवशी मागवा.
- चुकून दोन नोंदी झाल्याच, तर नको असलेली 24 तासांत रद्द करा. रद्द केलेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. 24 तास उलटले तर पोर्टलवर रद्द होत नाही; मग सल्लागाराला विचारून क्रेडिट नोटची वाट धरावी लागते.
- उलाढाल 10 कोटी किंवा त्याहून जास्त असेल तर 1 एप्रिल 2025 पासून बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांत नोंद करणं सक्तीचं आहे. सेक उघडत नव्हती, हे कारण तिथे चालत नाही.

किल्ली कुठून आणायची, कुठे ठेवायची

काही सॉफ्टवेअरमध्ये ॲप-की म्हणून जीएसटी क्रमांकाला तारीख जोडलेली असते, तर काहींत मालकाचा मोबाइल नंबर दोनदा-तीनदा लिहून 32 अक्षरं भरलेली असतात. जीएसटी क्रमांक तुमच्या प्रत्येक बिलावर छापलेला असतो. तो मोंढ्यातल्या कोणालाही ठाऊक आहे. त्याची किल्ली होत नाही.

- किल्ली संगणकाच्या सुरक्षित यादृच्छिक स्रोतातूनच घ्या. साध्या रँडम फंक्शनमधून, घड्याळातून किंवा नावातून बनवू नका.
- प्रत्येक प्रवेशाला नवी किल्ली. वर्षभर एकच ॲप-की वापरणारं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका.
- किल्ली मेमरीत ठेवा. एक्सेलच्या पानावर, लॉगमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत नको.
- लॉग जरूर ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार कंपन्यांनी लॉग 180 दिवस जपायचे असतात. त्यात वेळ, बिल क्रमांक, चूक क्रमांक असू द्या. पासवर्ड, टोकन, ॲप-की, सेक नको.
- सही केलेलं इनव्हॉइस आणि क्यूआर वेगळं जपा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने ठेवाव्या लागतात. ते उघडलेल्या रूपात ठेवा, कारण सहा तासांची किल्ली सहा वर्षांनी तुमच्याकडे नसेल, आणि नसावीच.

उत्तर उघडलं एवढ्यावर ते खरं मानू नका. इनव्हॉइस आणि क्यूआर यांवर एनआयसीची डिजिटल सही असते, ती एनआयसीच्या सार्वजनिक किल्लीने तपासा. कुलूप मजकूर लपवतं, पण तो कोणी लिहिला हे सही सांगते.

मेनफ्रेमवर असाल तर: अक्षरं नव्हे, बाइट

आयबीएमच्या मेनफ्रेमवर अक्षरं एब्सिडिकमध्ये साठवली जातात, बाहेरचं जग आस्कीत किंवा यूटीएफ-8 मध्ये चालतं. मोठा ए आस्कीत हेक्स 41, एब्सिडिकमध्ये सी1. बरोबरचं चिन्ह आस्कीत 3डी, इथे 7ई. तिरपी रेघ इथे 61, आणि आस्कीत 61 म्हणजे लहान ए. त्यामुळे बेस-64 चा मजकूर रूपांतर न करता उलगडला की चूक दिसतेच असं नाही. कधी कधी चक्क वेगळीच किल्ली तयार होते आणि तीन दिवस त्यात जातात.

नियम एक सांगतो, तो भिंतीवर लावा. बेस-64 हा मजकूर आहे, त्याचं अक्षर-रूपांतर करा. त्यातून निघालेले बाइट मजकूर नाहीत, त्यांचं रूपांतर कधीही करू नका. आलेला संदेश क्यूमधून किंवा गेटवेतून येताना आपोआप रूपांतरित होत असेल तर ते नेमकं कुठे होतं ते शोधा आणि एकदाच होऊ द्या. उत्तरात देवनागरी नाव जायचं असेल तर ते कुलूप लावण्याआधी यूटीएफ-8 मध्ये आणा; 037 किंवा 1047 या कोडपेजमध्ये बीड हा शब्द देवनागरीत लिहिताच येत नाही.

बाकीचं:

- कूटलेखन स्वतः कोबोलमध्ये लिहू नका. झेड-ओएसवर त्यासाठी आयसीएसएफ ही तयार सोय आहे. यादृच्छिक किल्लीसाठी सीएसएनबीआरएनजीएल, एईएसने बंद करायला सीएसएनबीएसवायई आणि उघडायला सीएसएनबीएसवायडी. प्रोसेसरमधल्या सीपीएसीएफ सोयीमुळे छोट्या उत्तराला लागणारा वेळ नगण्य असतो.
- ग्राहकाने पाठवलेली किल्ली तुमच्या खाजगी किल्लीने उलगडल्यावर उघडी किल्ली म्हणून हाती येते. तुमची खाजगी किल्ली क्रिप्टो कार्डात आणि मास्टर-कीखाली ठेवा. तीच फुटली तर सगळ्या ग्राहकांच्या किल्ल्या उघड्या पडतात.
- सीआयसीएसमध्ये ग्राहकाची किल्ली टेम्पररी स्टोरेज क्यूमध्ये टाकू नका. काम झालं की त्या जागेवर शून्य भरा. प्रोग्रॅम पडला आणि डंप निघाला की वर्किंग-स्टोरेजमधलं सगळं त्यात छापलं जातं, आणि डंप कितीतरी हातांत फिरतो.

स्वतःचं छोटं उत्तर बंद करायचं असेल तर ईसीबीची नक्कल नको

एनआयसीच्या सर्व्हरशी बोलताना एईएस-256 ईसीबी पद्धतीनेच वापरावं लागतं. तो त्यांचा करार आहे, तुम्ही बदलू शकत नाही. पण तुमच्या पतसंस्थेचा, कारखान्याचा किंवा बँकेचा सर्व्हर तुम्ही बांधत असाल तर ती पद्धत उचलू नका. ईसीबीमध्ये सारख्या मजकुराचं सारखंच कुलूपबंद रूप निघतं. उत्तर छोटं असेल, म्हणजे जमा झालं किंवा झालं नाही एवढंच, तर एकाच किल्लीखालची दोन उत्तरं शेजारी ठेवून पाहणाऱ्याला न उघडताच कळतं.

- जीसीएम वापरा. ते मजकूर लपवतं आणि 16 बाइटच्या खुणेने बदलही पकडतं. दर उत्तराला 12 बाइटचा नवा नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा आकडा. एका किल्लीखाली तोच नॉन्स दुसऱ्यांदा गेला की संरक्षण मोडतं. ग्राहक आणि सर्व्हर दोघंही एकाच किल्लीने शून्यापासून मोजत असतील तर पहिल्याच संदेशाला हे घडतं, म्हणून जाण्याची आणि येण्याची किल्ली वेगळी काढा.
- लांबी सारखी करा. जीसीएममध्ये बंद मजकूर मूळ मजकुराएवढाच लांब असतो. होकार आणि नकार यांची लांबी वेगळी असेल तर नुसत्या लांबीवरून उत्तर फुटतं. सगळी छोटी उत्तरं 128 किंवा 256 बाइटपर्यंत भरा.
- विनंतीशी बांधा. विनंती क्रमांक आणि वेळ जीसीएमच्या जोड-माहितीत घाला. नाहीतर कालचा होकार आज पुन्हा पाठवता येतो.
- किल्ली सार्वजनिक किल्लीने बंद करताना ओएईपी पॅडिंग वापरा. जुन्या पीकेसीएस-1 पॅडिंगवरचा हल्ला 1998 मध्येच ब्लाइशेनबाखरने दाखवला आहे.
- सर्व्हरचाही वाटा असू द्या. ग्राहकाची किल्ली तशीच न वापरता तिच्यात सर्व्हरची यादृच्छिक भर घालून नवी किल्ली काढा.
- टीएलएस काढू नका. ग्राहकाने पाठवलेल्या किल्लीत एक उणीव राहतेच: तुमची खाजगी किल्ली उद्या फुटली तर आज कोणी साठवून ठेवलेले संदेशही उघडतात. टीएलएस 1.3 मध्ये 2018 साली याच कारणासाठी किल्ली पाठवण्याची ही पद्धत काढून टाकली. आतलं कुलूप जास्तीचं समजा.

सॉफ्टवेअरवाल्याकडून काय मागायचा तुमचा हक्क आहे

बहुतेक जिनिंगवाले जीएसपीमार्फत, म्हणजे जीएसटी सुविधा प्रोव्हायडरच्या दारातून जातात. तिथे ॲप-की, सेक वगैरे तोच हाताळतो. सोय मोठी आहे, पण तुमची बिलं, ग्राहक आणि भाव त्याला उघडे दिसतात, हे समजून सही करा. करार करताना लेखी मागा:

- ॲप-की दर प्रवेशाला नवी बनते का, कुठे साठवली जाते आणि कोणाला दिसते.
- एपीआयचा वापरकर्ता आणि पासवर्ड तुमच्या नावावर, तुमच्या ताब्यात. सॉफ्टवेअर बदललं किंवा संगणकावर बसणारा मुलगा काम सोडून गेला की पोर्टलवर जाऊन पासवर्ड त्याच दिवशी बदला.
- सही केलेली सगळी इनव्हॉइस करार संपल्यावर उघड्या स्वरूपात परत.
- घुसखोरी झाली तर तुम्हाला तातडीने कळवणं. सर्ट-इनला 6 तासांत कळवण्याचं बंधन आहे, आणि तुम्हालाच उशिरा कळलं तर ते पाळता येत नाही.

पोर्टलवर 1 एप्रिल 2025 पासून सगळ्यांना दोन टप्प्यांचा प्रवेश, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपी, सक्तीचा झाला. त्यामुळे अनेकांना वाटतं आपण निर्धास्त झालो. एपीआयच्या वाटेवर दर बिलाला ओटीपी विचारला जात नाही. तिथे पासवर्ड आणि किल्लीच राखण करतात. काम सोडलेल्या माणसाने जुन्या पासवर्डने परवानगीवाचून आत शिरून लबाडीने काही केलं, तर तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली गुन्हा आहे. त्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण आधी तुम्ही पासवर्ड बदलला होता का, हा प्रश्न विचारला जाईलच.

मदत केंद्राला फोन करताना जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, विनंतीची वेळ आणि चूक क्रमांक हाताशी ठेवा. वर मोजलेल्या चार लांब्याही सांगा, पुष्कळ वेळ वाचतो. पासवर्ड, ॲप-की किंवा सेक मात्र फोनवर वाचून दाखवू नका, समोरचा कोणीही असो. मदत करायला त्यांना ती लागत नाही.